संगणकावर शेवटचं कॉपी केलेलं: फोनवर, शेजारच्या लॅपटॉपवर, दुसऱ्याच्या हाती

संगणकावर एखादा पत्ता, खाते क्रमांक किंवा अर्धं पान मजकूर कॉपी केलेला आहे आणि तो हवा आहे फोनवर. अशा वेळी बरेच जण स्वतःलाच ईमेल धाडतात, नाहीतर पडद्याचा फोटो काढून आकडे बघत बघत पुन्हा टाइप करतात. चूक होते ती इथेच. कॉपी केलेला मजकूर जसाच्या तसा दुसऱ्या यंत्रावर नेण्याच्या सोयी विंडोज, लिनक्स, मॅक, अँड्रॉइड सगळीकडे फुकट आहेत. त्यांतल्या पुष्कळशा मुळात बंद ठेवलेल्या असतात, म्हणून त्या आहेत हेच कळत नाही.

क्लिपबोर्ड म्हणजे संगणकाच्या स्मृतीतला एक खण. कंट्रोल + सी दाबलं की मजकूर त्यात जातो आणि आधीचा बाहेर पडतो. पण त्या खणात एकाच मजकुराच्या अनेक प्रती असतात, आणि पुढच्या निम्म्या अडचणी समजायला हे माहीत असावं लागतं. वर्डमधून परिच्छेद कॉपी केला की साधा मजकूर, आणि सजावटीसकटची एचटीएमएल आणि आरटीएफ, अशी किमान तीन रूपं एकदम खणात पडतात. पेस्ट करताना समोरचा प्रोग्राम त्यातलं आपल्याला झेपेल ते रूप उचलतो. म्हणून तोच परिच्छेद दुसऱ्या वर्ड फाइलमध्ये ठळक अक्षरांसकट येतो आणि नोटपॅडमध्ये साधा. दुसऱ्या यंत्रावर पाठवताना बहुतेक वाटांनी फक्त साधं रूप जातं. ठळक, तिरपं, तक्त्याच्या रेघा आणि फाँट मागे राहतात. शेवटची गोष्ट, म्हणजे फाँट, मराठी लिहिणाऱ्यांना कशी भोवते ते पुढे येईल.

पाठवण्याआधी खणात काय आहे ते बघा

विंडोज १० (२०१८ च्या ऑक्टोबर अपडेटपासून) आणि विंडोज ११ मध्ये विंडोज + व्ही ही जोडकळ आहे. पहिल्यांदा दाबल्यावर क्लिपबोर्ड हिस्टरी बंद असल्याचं सांगून 'टर्न ऑन' असं बटण येतं. ते दाबा. तिथून पुढे कॉपी केलेलं सगळं यादीत दिसतं, सर्वांत वर शेवटचं. सुरू करण्याआधी कॉपी केलेलं मात्र यादीत येणार नाही.

यादीच्या मर्यादा लक्षात ठेवा. जास्तीत जास्त २५ नोंदी राहतात आणि एक नोंद ४ एमबीपेक्षा मोठी चालत नाही. सव्विसावी आली की सर्वांत जुनी गळते. संगणक बंद करून सुरू केला की यादी रिकामी होते, फक्त पिन केलेल्या (यादीतल्या नोंदीवरच्या पिनच्या चिन्हाने टाचून ठेवलेल्या) नोंदी उरतात. रोज लागणारा पत्ता किंवा पत्राखालची सही म्हणूनच पिन करून ठेवावी. पासवर्ड पिन करू नये.

लिनक्सवर एक्स११ (पडद्यावर खिडक्या दाखवणारी जुनी प्रणाली) चालत असेल तर वेगळीच गंमत आहे. तिथे कॉपी केलेला मजकूर ज्या प्रोग्राममधून घेतला त्याच्याकडेच राहतो आणि पेस्ट करताना त्याच्याकडून मागवला जातो. तो प्रोग्राम बंद केला की मजकूर गेला. केडीई प्लाझ्मा या लिनक्सच्या डेस्कटॉपमध्ये क्लिपर नावाचा राखणदार पार्श्वभूमीवर प्रत घेऊन ठेवतो, म्हणून तिथे हा त्रास जाणवत नाही. तसा राखणदार नसलेल्या डेस्कटॉपवर मात्र पेस्ट होईपर्यंत मूळ खिडकी उघडी ठेवावी. शिवाय एक्स११ मध्ये दोन खण आहेत: कंट्रोल + सीचा एक, आणि नुसता माउसने मजकूर निवडला तरी भरणारा दुसरा. दुसऱ्यातला मजकूर माउसच्या मधल्या बटणाने पेस्ट होतो. 'मी हे कॉपीच केलं नव्हतं, हे कुठून आलं?' याचं कारण बहुधा हे दोन खण.

इंटरनेटवरून: विंडोज ते विंडोज, विंडोज ते अँड्रॉइड

दोन्ही यंत्रं तुमचीच असतील आणि एकाच वायफायवर नसतील, एक ऑफिसात आणि एक घरी, तर ही वाट घ्या.

१. दोन्ही संगणकांवर एकाच मायक्रोसॉफ्ट खात्याने साइन इन करा. नुसत्या स्थानिक खात्यावर चालणाऱ्या विंडोजमध्ये ही सोय चालत नाही.

२. सेटिंग्ज, मग सिस्टिम, मग क्लिपबोर्ड. वरची 'क्लिपबोर्ड हिस्टरी' सुरू करा. त्याखाली 'अक्रॉस युवर डिव्हाइसेस' हे शब्द असलेली पट्टी आहे (विंडोज १० मध्ये 'सिंक अक्रॉस डिव्हाइसेस'). तीही सुरू करा. खात्याची पडताळणी मागितली तर ती पूर्ण करा, नाहीतर पट्टी सुरू दिसते पण काही जात नाही.

३. त्याच पट्टीत दोन पर्याय आहेत: कॉपी केलेला मजकूर आपोआप पाठवणे किंवा हाताने पाठवणे. 'ऑटोमॅटिकली' निवडलं तर शेवटचं कॉपी केलेलं काही क्षणांत दुसऱ्या संगणकाच्या विंडोज + व्ही यादीत दिसतं. 'मॅन्युअली' निवडलं तर पाठवायची नोंद विंडोज + व्हीमध्ये जाऊन तुम्हीच निवडायची. संगणकावर बँकेची किंवा रुग्णांची कामं होत असतील तर आमचं मत स्पष्ट आहे: हातानेच पाठवा. आपोआप म्हणजे चुकून कॉपी केलेलंही जाणार.

ऑफिसच्या संगणकावर ही पट्टी करड्या रंगात, दाबता न येणारी दिसली तर ती आयटी विभागाने धोरण म्हणून बंद केलेली असते. तिला वळसा घालायला जाऊ नका.

अँड्रॉइड फोन याच साखळीत आणायचा तर मायक्रोसॉफ्टचा स्विफ्टकी हा कीबोर्ड लागतो. कीबोर्डच का, तर अँड्रॉइड १० पासून (२०१९) पार्श्वभूमीवर चालणाऱ्या ॲपला क्लिपबोर्ड वाचता येत नाही. फक्त समोर उघडं असलेलं ॲप आणि निवडलेला कीबोर्ड या दोघांनाच ती मुभा आहे. फोनचा क्लिपबोर्ड आपोआप सिंक करू असं सांगणारी कित्येक जुनी ॲप्स त्या वर्षापासून अर्धवट झाली ती यामुळे. नियम योग्य आहे. त्याआधी फोनमधलं कुठलंही ॲप तुम्ही कॉपी केलेला ओटीपी गुपचूप वाचू शकत होतं.

स्विफ्टकी बसवून तोच कीबोर्ड निवडा, भाषांमध्ये मराठी जोडा, मग ॲपच्या सेटिंग्जमध्ये 'रिच इनपुट', त्यात 'क्लिपबोर्ड', त्यात 'सिंक क्लिपबोर्ड हिस्टरी'. इथेही तेच मायक्रोसॉफ्ट खातं. आता संगणकावर कॉपी करा आणि फोनवर कुठल्याही चौकटीत बोट ठेवून कीबोर्डवरचं क्लिपबोर्डचं चिन्ह दाबा. पिन न केलेली नोंद तासाभराने कीबोर्डमधून निघून जाते, तेव्हा सकाळी कॉपी केलेलं संध्याकाळी शोधू नका.

सॅमसंगच्या आणि इतर काही कंपन्यांच्या ठरावीक फोनांत 'लिंक टू विंडोज' आधीच असतं. तसा फोन असेल तर कीबोर्ड बदलण्याची गरज नाही. संगणकावर 'फोन लिंक' उघडा, फोन जोडा आणि सेटिंग्जच्या 'फीचर्स' भागात 'क्रॉस-डिव्हाइस कॉपी अँड पेस्ट' चालू करा. तो पर्याय दिसतच नसेल तर तुमच्या फोनाला ही सोय नाही. ॲप पुन्हा पुन्हा बसवून ती येत नाही.

एकाच वायफायवर: केडीई कनेक्ट

घरात किंवा छोट्या ऑफिसात आमची पहिली पसंती केडीई कनेक्ट या फोन आणि संगणक जोडणाऱ्या ॲपला. खातं नको, इंटरनेट नको, मजकूर तुमच्या राउटरच्या बाहेर जात नाही आणि वाटेत तो कूटबद्ध असतो. लिनक्स, विंडोज, मॅक, अँड्रॉइड आणि आयफोन, सगळ्यांसाठी मिळतं आणि मुक्त स्रोत आहे.

विंडोजवर ते मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून घ्या. लिनक्सवर केडीई प्लाझ्मा असेल तर बहुधा आधीच असतं. नोम हा लिनक्सचा दुसरा डेस्कटॉप वापरणाऱ्यांनी जीएसकनेक्ट हे एक्स्टेन्शन घ्यावं, ते केडीई कनेक्टच्या फोनातल्या ॲपशीच बोलतं. फोनवर प्ले स्टोअर किंवा एफ-ड्रॉइड.

दोन्हीकडे उघडल्यावर फोनच्या यादीत संगणकाचं नाव येतं. त्यावर बोट ठेवून जोडणीची विनंती करा आणि संगणकावर ३० सेकंदांच्या आत ती स्वीकारा, नाहीतर विनंती रद्द होते. जोडताना दोन्ही पडद्यांवर एक छोटी किल्ली दिसते. दोन्हीकडे ती सारखीच आहे ना ते वाचून बघा, विशेषतः वसतिगृहाच्या किंवा सामायिक वायफायवर. मग दोन्हीकडच्या प्लगइनांच्या यादीत 'क्लिपबोर्ड' चालू आहे याची खात्री करा.

यानंतर संगणकावर कंट्रोल + सी केलं की मजकूर फोनच्या क्लिपबोर्डवर आपोआप हजर. उलट दिशेने तसं होत नाही, आणि 'एकाच बाजूने चालतंय' ही यातली सर्वांत मोठी तक्रार असते. कारण अँड्रॉइड १० चा तोच नियम. फोनवर कॉपी केलेलं संगणकाला द्यायचं तर वरून सूचनापट्टी खाली ओढा आणि केडीई कनेक्टच्या कायमच्या सूचनेतलं 'सेंड क्लिपबोर्ड' दाबा. ती सूचना कोणी त्रासदायक म्हणून लपवून टाकली असेल तर ॲप उघडून तिथून पाठवा.

संगणक यादीत दिसतच नसेल तर या क्रमाने तपासा. फोन पाहुण्यांच्या, म्हणजे 'गेस्ट' नावाच्या वायफायवर तर नाही ना? त्या जाळ्यावरची यंत्रं एकमेकांना दिसू नयेत अशीच रचना असते. काही राउटरांत मुख्य वायफायवरही 'एपी आयसोलेशन' (यंत्रं एकमेकांपासून तोडणारा पर्याय) चालू असतं. मग फोनवरचा व्हीपीएन बंद करा. मग विंडोजमध्ये हे वायफाय 'पब्लिक' म्हणून नोंदवलेलं आहे का ते बघा. घरचं असेल तर ते 'प्रायव्हेट' करा, कारण सार्वजनिक जाळ्यावर विंडोजचा फायरवॉल बाहेरून आलेली हाक अडवतो. फायरवॉल तुम्ही स्वतः सांभाळत असाल तर १७१४ ते १७६४ ही पोर्टं टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी मोकळी हवीत.

एवढ्यानेही भागलं नाही तर फोनच्या ॲपमध्ये संगणकाचा आयपी पत्ता हाताने घालता येतो. विंडोजमध्ये तो नेटवर्क सेटिंग्जमध्ये जोडलेल्या वायफायच्या तपशिलात 'आयपीव्ही४ ॲड्रेस' या ओळीत असतो आणि घरगुती राउटरवर बहुधा १९२.१६८ ने सुरू होतो. वायफायच नसेल तर फोनचा हॉटस्पॉट सुरू करून संगणक त्याला जोडा. तेही एक स्थानिक जाळंच आहे.

जोडणी झाली पण फोन खिशात गेला की तुटते, असं असेल तर दोष फोनच्या बॅटरी वाचवण्याच्या सवयीचा. ॲपच्या माहितीत जाऊन बॅटरीच्या पर्यायात 'अनरिस्ट्रिक्टेड' किंवा तत्सम निवड करा. शाओमी, ओप्पो, व्हिवो, रिअलमी या फोनांवर हे केल्यावाचून पार्श्वभूमीवरचं ॲप फार वेळ टिकत नाही.

आयफोनवरही केडीई कनेक्ट आहे, पण ॲप समोर उघडं असेल तोवरच. विंडोज आणि आयफोन अशी जोडी असेल तर पुढे सांगितलेला लोकलसेंड बरा.

टेबलावर दोन संगणक, किंवा दूरचा एक

दोन विंडोज संगणक शेजारी असतील तर मायक्रोसॉफ्टच्या पॉवरटॉइज या साधनसंचातलं 'माउस विदाउट बॉर्डर्स' बघा. एकच माउस आणि कीबोर्ड चार संगणकांपर्यंत चालतो, आणि क्लिपबोर्डही सोबत फिरतो.

रिमोट डेस्कटॉपने दूरच्या संगणकावर काम करताना पेस्ट होत नसेल तर जोडण्याआधी 'शो ऑप्शन्स', मग 'लोकल रिसोर्सेस', तिथे 'क्लिपबोर्ड'वर खूण आहे का ते पाहा. आधी चालत होतं आणि मध्येच थांबलं, तर दूरच्या संगणकाच्या टास्क मॅनेजरमध्ये 'आरडीपीक्लिप' नावाची प्रक्रिया शोधून बंद करा आणि त्याच नावाने पुन्हा चालवा. क्लिपबोर्डची ने-आण तीच करते. ती अडकली की फक्त कॉपी-पेस्ट मरतं, बाकी सगळं नीट चालतं, म्हणून दोष लवकर सापडत नाही.

मॅक आणि आयफोन

इथे फारसं करावं लागत नाही. २०१६ च्या मॅकओएस सिएरा आणि आयओएस १० पासून ही सोय आतच आहे. दोन्हीकडे एकच ॲपल खातं, वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही चालू, आणि हँडऑफ (एका यंत्रावरचं काम दुसऱ्यावर पुढे नेण्याची सोय) चालू: मॅकवर सिस्टिम सेटिंग्ज, जनरल, 'एअरड्रॉप अँड हँडऑफ', आयफोनवर सेटिंग्ज, जनरल, आणि तिथे 'एअरप्ले'ने सुरू होणारी ओळ. मॅकवर कमांड + सी, फोनवर चौकटीत बोट दाबून धरा, पेस्ट. यंत्रं एकाच खोलीत असू द्या आणि लगेच पेस्ट करा, कारण दुसऱ्या यंत्रासाठी मजकूर थोडाच वेळ उपलब्ध असतो. चालत नसेल तर दहांतल्या नऊ वेळा ब्लूटूथ बंद असतं.

दुसऱ्या माणसाला द्यायचं असेल तर

वरच्या सगळ्या सोयी तुमच्या स्वतःच्या यंत्रांसाठी आहेत. सहकाऱ्याच्या फोनला किंवा भाच्याच्या लॅपटॉपला तुमचा क्लिपबोर्ड कायमचा जोडू नका. पुढच्या महिन्यात तुम्ही कॉपी केलेलंही त्यांना जात राहील. तिथे हवी एका मजकुरापुरती वाट.

एकाच खोलीत असाल तर लोकलसेंड. दोघांनी ॲप उघडायचं, दोघे एकाच वायफायवर. 'सेंड' भागात 'पेस्ट' दाबलं की क्लिपबोर्डवरचं शेवटचं त्यात येतं. खाली दिसणाऱ्या यंत्रांपैकी समोरच्याचं नाव निवडा. त्याने स्वीकारलं की मजकूर त्याच्या पडद्यावर येतो, तिथून तो कॉपी करतो. इंटरनेट लागत नाही. यंत्रं दिसली नाहीत तर केडीई कनेक्टसाठी सांगितलेली तपासणी इथेही तशीच लागू, फक्त पोर्ट ५३३१७.

केडीई प्लाझ्मा असेल तर आणखी सोपं: क्लिपबोर्डच्या यादीतल्या नोंदीला क्यूआर कोडमध्ये बदलता येतं आणि समोरचा फोनने तो टिपतो. मराठीसाठी मात्र यात गणित आहे. सर्वांत मोठ्या क्यूआर कोडमध्ये २,९५३ बाइट मावतात. यूटीएफ-८ मध्ये, म्हणजे अक्षरं साठवण्याच्या आजच्या रूढ पद्धतीत, रोमन अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन. मात्रा आणि पाय मोडण्याचं चिन्हही वेगळं मोजलं जातं, म्हणून 'महाराष्ट्र' या एका शब्दाची दहा चिन्हं, तीस बाइट. म्हणजे कागदावर ९८४ चिन्हं मावतील. प्रत्यक्षात इतका दाट कोड फोनला धड वाचता येत नाही, तेव्हा दोनचार ओळींपुरताच हा उपाय. एसएमएसचंही असंच. रोमन अक्षरांच्या एका संदेशात १६० अक्षरं, देवनागरीच्या एका संदेशात ७० चिन्हं. लांब असेल तर ६७-६७ चे तुकडे पडतात आणि तितके एसएमएस मोजले जातात.

व्हॉट्सॲप वेबमधून पाठवणं सगळ्यांच्या हातचं आहे, आणि स्वतःलाच संदेश पाठवायची सोयही त्यात आहे. साध्या मजकुराला ते उत्तम. पण व्हॉट्सॲप तारका आणि अधोरेषा या चिन्हांना ठळक-तिरप्याच्या खुणा समजतं, त्यामुळे फाइलचं नाव, पासवर्ड किंवा संगणकाची आज्ञा तिथे वेगळी दिसू शकते. आणि वेबवर एकापेक्षा जास्त संदेश एकदम निवडून कॉपी केले तर प्रत्येकाआधी वेळ आणि नाव चिकटून येतं.

मराठी मजकूर बिघडतो तो इथे

पहिलं, जुने फाँट. कृतीदेव, शिवाजी, श्रीलिपी यांतला मजकूर डोळ्यांना मराठी दिसतो, पण संगणकाच्या लेखी ती दुसरीच अक्षरं असतात, बहुधा रोमन. फाँट त्यांच्या जागी देवनागरी आकार रंगवतो. दुसऱ्या यंत्रावर साधं रूपच जातं आणि फाँट मागे राहतो, म्हणून फोनवर दिसते ती रोमन अक्षरांची गिचमिड. यात सिंक करणाऱ्या सोयीचा काही दोष नाही. पाठवण्याआधी नोटपॅडमध्ये पेस्ट करून बघा: तिथे मराठी दिसली तर मजकूर युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या यंत्रांना समजणाऱ्या अक्षरांत आहे, कुठेही न्या. गिचमिड दिसली तर आधी त्या फाँटाच्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये बदला, मग नव्याने कॉपी करा. छापखान्याकडून आलेल्या लग्नपत्रिका, स्मरणिका आणि जुने अंक यांत हे हमखास निघतं. कन्व्हर्टर निवडताना फाँटाचं नेमकं नाव द्यावं लागतं, कारण श्रीलिपीचं कोष्टक कृतीदेवला चालत नाही.

दुसरं, पीडीएफ. पीडीएफमध्ये अक्षरं दिसण्याच्या क्रमाने मांडलेली असतात. ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी काढली जाते, पण युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. चांगल्या पीडीएफमध्ये खरा क्रम लपवून ठेवलेला असतो, पुष्कळांत नसतो. मग कॉपी केल्यावर वेलांट्या सरकतात, रफार उडतात, जोडाक्षरं फुटतात. अशा वेळी निवडून कॉपी करण्याचा हट्ट सोडा. पानाचं चित्र घेऊन गूगल लेन्समधून, किंवा गूगल ड्राइव्हवर फाइल चढवून ती गूगल डॉक्समध्ये उघडून, मजकूर ओळखून घ्या. लांब पानाला डॉक्सची वाट बरी. नंतर एकदा नजर फिरवा. ब-व, घ-ध, प-ष या जोड्यांवर आणि अनुस्वारांवर खास लक्ष ठेवा.

तिसरं, चंद्रकोरीसारखा अर्धा र. 'आचाऱ्यांना' आणि 'आचार्यांना' यांतला फरक मराठीत अर्थाचा आहे; एकात स्वयंपाकी, दुसऱ्यात गुरुजी. हा ऱ दोन तऱ्हांनी टाइप होतो. एक, 'ऱ' हे स्वतंत्र अक्षर आणि त्याचा पाय मोडलेला. दोन, साधा र, पाय मोडण्याचं चिन्ह आणि मग एक न दिसणारं जोडचिन्ह. काही ऑनलाइन फॉर्म आणि मजकूर 'स्वच्छ' करणारी साधनं न दिसणारी चिन्हं काढून टाकतात. मग दुसऱ्या पद्धतीने लिहिलेले सगळे आचारी आचार्य होतात. पहिली पद्धत सुरक्षित. इनस्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट + जे ने ऱ येतो, नंतर डी ने पाय मोडतो.

चौथं, अंक. खाते क्रमांक किंवा मोबाइल क्रमांक देवनागरी अंकांत कॉपी करून पाठवला तर माणूस वाचतो, पण बँकेचा किंवा सरकारी फॉर्म बहुधा नाकारतो. त्याला इंग्रजी अंकच लागतात. एक्सेलच्या चौकटीतून कॉपी केलेल्या आकड्यामागे न दिसणारी नवी ओळ येते आणि त्यामुळेही फॉर्म 'चुकीचा क्रमांक' म्हणतो. पेस्ट केल्यावर शेवटी जाऊन एकदा बॅकस्पेस दाबून पाहा. आकडा न जाता नुसती रिकामी जागा गेली तर तेच कारण.

नको असलेली सजावट पेस्ट होत असेल तर पुष्कळ प्रोग्रामांत कंट्रोल + शिफ्ट + व्ही साधा मजकूर टाकतं. जिथे चालत नाही तिथे नोटपॅडमधून फिरवून आणणं कधी फसत नाही.

जे पाठवू नये, आणि पुसायचं कसं

पासवर्ड, ओटीपी, यूपीआय पिन, आधार क्रमांक: सिंक चालू असताना हे कॉपी करूच नका. पासवर्ड मॅनेजर वापरत असाल तर चांगले मॅनेजर कॉपी करताना 'हे यादीत घेऊ नको' अशी खूण सोबत लावतात आणि विंडोज ती पाळतं. केडीई कनेक्टमध्येही पासवर्ड वगळायचा पर्याय आहे, तो तसाच ठेवा. वहीतून किंवा एक्सेलमधून कॉपी केलेल्या पासवर्डाला अशी खूण नसते.

'ऑनलाइन क्लिपबोर्ड' नावाची संकेतस्थळं चार आकडी कोड देतात आणि कोड टाकला की मजकूर दिसतो. चार आकडे म्हणजे फक्त दहा हजार शक्यता. कवितेची ओळ न्यायला ठीक, पॅन कार्डाचा तपशील न्यायला मुळीच नाही.

सायबर कॅफे, झेरॉक्सचं दुकान किंवा सेवा केंद्रातल्या संगणकावर फॉर्म भरला असेल तर उठण्याआधी विंडोज + व्ही दाबून 'क्लिअर ऑल' करा. पिन केलेल्या नोंदी त्याने जात नाहीत, त्या वेगळ्या काढाव्या लागतात. हिस्टरी बंद असेल तर कुठलाही एक निरुपयोगी शब्द कॉपी करा. खण एकच, त्यामुळे तुमचा मजकूर गेला. फोनवर अँड्रॉइड १३ पासून क्लिपबोर्ड काही वेळाने आपोआप रिकामा होतो, पण संगणकावर हिस्टरी तशी पुसली जात नाही.

क्लिपबोर्ड उलट बाजूनेही वापरला जातो. 'तुम्ही यंत्रमानव नाही हे सिद्ध करा' असं म्हणत एखादं पान विंडोज + आर, मग कंट्रोल + व्ही, मग एंटर दाबायला सांगत असेल तर ते पान तत्काळ बंद करा. त्याने तुमच्या खणात आधीच एक आज्ञा टाकलेली असते आणि ती तुमच्याच हाताने चालवून घेते. खरी पडताळणी कधीही असं सांगत नाही.

काही घातक प्रोग्राम क्लिपबोर्डवर नजर ठेवून खात्याचा किंवा वॉलेटचा पत्ता बदलतात: कॉपी एक, पेस्ट दुसरंच. पैसे पाठवताना म्हणून पेस्ट केल्यानंतर खाते क्रमांकाचे पहिले चार आणि शेवटचे चार आकडे मूळ कागदाशी ताडून बघा, आणि आयएफएससी ११ अक्षरांचाच आहे, त्यातलं पाचवं अक्षर ओ नसून शून्य आहे, हेही.